शिवलेला टायर आणि गटाचं कर्ज

कामं आवरून, चूल किंवा गॅस बंद करून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या ताई, काकू, मावशींना आमचा नमस्कार. शिलाई मशीन चालवता चालवता ऐकणाऱ्यांनाही नमस्कार. आजची गोष्ट खास त्यांच्यासाठी आहे.

यंदाच्या जानेवारीत, म्हणजे 19 ते 23 जानेवारी 2026 या दिवसांत, आपल्या जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिचा एक टप्पा पुरंदरकडून आपल्या बारामतीला आला. परदेशी स्पर्धकांचा थवा डोळ्यांसमोरून गेला तो वाऱ्यासारखा. आम्ही मात्र त्यांच्या मागून येणाऱ्या गाड्या बघत होतो. त्या गाड्यांच्या टपावर सुटी चाकं उलटी लावलेली होती. स्पर्धकाचं चाक पंक्चर झालं की त्याने हात वर करायचा, मागची गाडी येते, माणूस उतरतो, अख्खं चाक बदलतो आणि स्पर्धक पुढे निघतो.

आमच्या शेजारी आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी उभी होती. तीही शर्यतीची सायकल चालवते. ती हसून म्हणाली, “मावशी, माझ्या मागं गाडी नाही. माझ्या मागं आई आणि तिची सुई आहे.”

हे ती असं का म्हणाली, तेच आज सांगायचं आहे. त्यात सायकल आहे, काटा आहे आणि आपल्या बचत गटाच्या वीस हजार रुपयांचं कर्जही आहे.

आम्ही बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या बचत गटांचं काम बघतो. ज्या गटाची ही गोष्ट, तो बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका गावातला. गटातल्या या ताई ब्लाउज शिवतात, शाळेचे गणवेश शिवतात. मुलगी तेव्हा अकरावीत होती. आठवीपासून ती घरची साधी सायकल घेऊन मैदानावर जायची. तिथल्या सरांनी सांगितलं, पोरीच्या पायात दम आहे, पण शर्यतीत उतरायचं तर रोड बाइक पाहिजे. म्हणजे वाकड्या हँडलची, बारीक टायरची, हलकी सायकल. नवी घ्यायची तर आपल्या आवाक्याबाहेर. शेवटी पुण्यात एकाने वापरलेली सायकल अठ्ठावीस हजारांना देऊ केली. ताईंनी आठ हजार शिलाईतून साठवले होते. वीस हजारांचा अर्ज गटाकडे आला.

दिवाळीच्या आधीची बैठक होती. चर्चा झाली, ठराव झाला, कर्ज मंजूर झालं. दरमहा हजार रुपये मुद्दल आणि वर व्याज, वीस हप्ते. आम्ही स्वतः त्या बैठकीला होतो. विकणाऱ्याशी फोनवर बोलताना त्याने सायकलच्या टायरबद्दल काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं ‘ट्यूबलेस’. गावात मोटारसायकलला ट्यूबलेस टायर असतात, ते चांगले असतात, काटा गेला तरी हवा लगेच उतरत नाही, हे सगळ्यांना माहीत. सगळ्या खूश. इतिवृत्ताच्या वहीत आम्हीच लिहिलं, ‘सायकल चांगल्या स्थितीत, टायर ट्यूबलेस.’

तो माणूस खोटं बोलला नव्हता. तो म्हणाला होता ‘ट्यूब्युलर’. आम्ही अर्धवट ऐकलं, आणि विचारलं नाही.

सायकल आली. पंधरा दिवस पोरगी पहाटे उठून चालवायची. एका सकाळी ती भवानीनगरच्या पुढे गेली असताना मागच्या चाकातून ‘फुस्स’ आवाज आला. खाली बघते तर टायरमध्ये सराटा घुसलेला. सराटा आपल्याला नवा नाही. पावसाळ्यात बांधावर, रस्त्याच्या कडेला जमिनीसरपट पसरतो, पिवळी फुलं येतात, आणि पाऊस संपला की त्याची फळं वाळतात. कशीही पडली तरी एक काटा वर असतोच. अनवाणी चाललेल्या प्रत्येकीने तो पायातून काढलेला आहे.

ती सायकल ढकलत पंक्चरच्या दुकानावर गेली. दुकानातले काका वर्षानुवर्षं पंक्चर काढणारे. त्यांनी आधी हवा भरून बघायची म्हटली, तर पंपाचं तोंडच बसेना. आपल्या साध्या सायकलच्या व्हॉल्व्हला आत वालट्यूब असते. या सायकलचा व्हॉल्व्ह लांब, बारीक, आणि टोकाला एक इवलीशी चकती. ती सैल केल्याशिवाय हवा जात नाही, आणि आपला पंप लावायला मध्ये एक छोटी पितळी टोपी लागते. मग काकांनी लोखंडी पट्ट्या घालून टायर सोडवायला घेतला. टायर रिमवरून सुटेचना. जोर लावला तेव्हा बाजूने फाटतोय असं पोरीला वाटलं आणि तिने हात धरला. काका म्हणाले, “पोरी, ह्याला कडाच नाही. आत ट्यूब कुठनं काढू? हा टायर माझ्या कामाचा नाही.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. एका टेम्पोवाल्या दादांनी सायकल मागे टाकून तिला घरी सोडलं.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “ट्यूब्युलर आहे, नवीन टाका. जुना काढून फेका.” नव्या टायरची चौकशी केली तर स्वस्तातला एकही दीड-दोन हजारांच्या खाली नव्हता. साध्या सायकलचं पंक्चर तीस रुपयांत निघतं. इथे एका सराट्याची किंमत दोन हप्त्यांएवढी.

पुढची बैठक कशी झाली असेल, तुम्हीच कल्पना करा. एक काकू म्हणाल्या, “पोरीच्या खेळापायी गटाचा पैसा पाण्यात.” दुसऱ्या म्हणाल्या, “विकून टाका, जे येईल ते भरा, राहिलेलं लग्नात द्यायचं तसं द्या.” यावर एक वयस्क मावशी उठल्या. म्हणाल्या, “तुमच्या लेकाला मोटारसायकलला पैसं दिलं, तवा कुणी विचारलं व्हतं का गं, टायर कसलाय म्हणून?” बैठकीत शांतता पसरली. ताई मात्र मान खाली घालून बसल्या होत्या. मुलीने त्या दिवशी घरी सांगितलं होतं, “आई, मी सोडते सायकल.”

मैत्रिणींनो, आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. वहीत ‘ट्यूबलेस’ आम्हीच लिहिलं होतं. मग ठरवलं की आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घ्यायचं, विकायची की ठेवायची ते नंतर. बारामतीत एक जुने सायकलपटू भेटले. त्यांनी चाक हातात घेतलं, टायर रिमवरून सावकाश सोलून काढला आणि तो उलटा करून ताईंच्या हातात दिला. ताईंनी टायरच्या पोटाकडची पट्टी बघितली, नखाने थोडी उचलली, आणि म्हणाल्या, “अगंबाई, हा तर शिवलाय!”

तीच तर गंमत आहे. आपल्या सायकलचा साधा टायर म्हणजे उशीचा अभ्रा. एका बाजूने उघडा. आतली ट्यूब म्हणजे उशी, बाहेर काढली, ठिगळ लावलं, परत घातली. टायरच्या दोन्ही कडांमध्ये तार असते आणि ती रिमच्या कडेत अडकते. ट्यूबलेसमध्ये आत ट्यूबच नाही, टायर आणि रिम यांच्यामध्येच हवा कोंडलेली. आणि ट्यूब्युलर म्हणजे लोड. लोडात कापूस भरून खोळ सगळीकडून शिवून टाकतात, तशी इथे कापडी टायरमध्ये ट्यूब घालून पोटाकडून टाके घातलेले असतात. टाक्यांवर कापडाची पट्टी चिकटवलेली. आणि हा गोल लोड रिमवर बसतो तो तारेने नव्हे, तर चिकटवून. म्हणून काकांना कडा सापडली नाही. कडा नव्हतीच.

मग असा टायर कोणी आणि कशाला बनवला? कारण तो हलका असतो. त्यात हवा खूप भरता येते. साध्या सायकलच्या टायरपेक्षा दुपटीने, कधी त्याहून जास्त. पंपाच्या काट्यावर 100 ते 120 असा आकडा दिसतो. आणि अचानक हवा गेली तरी नीट चिकटवलेला टायर रिमवरच राहतो, त्यामुळे स्पर्धकाला सावरून थांबता येतं. म्हणून कित्येक वर्षं शर्यतीचा टायर म्हणजे ट्यूब्युलर असंच समीकरण होतं. आता मोठ्या रस्ता-शर्यतींत बहुतेक जण ट्यूबलेसकडे वळले आहेत. म्हणूनच अशा जुन्या ट्यूब्युलर चाकांच्या सायकली स्वस्तात विकायला निघतात, आणि त्या आपल्यासारख्यांच्या दारात येतात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या जुन्या सायकलपटूंनी आम्हाला एक गोष्टही सांगितली. फ्रान्समध्ये ‘टूर द फ्रान्स’ नावाची जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत होते. सुरुवातीच्या काळात तिथे स्पर्धकाच्या मागे मदतीची गाडी नसे. जादा टायर खांद्यावरून जानव्यासारखे अडकवून नेत. सायकल मोडली तर स्वतःच दुरुस्त करायची, असा नियमच होता. 1913 साली यूजेन क्रिस्तोफ नावाच्या स्पर्धकाच्या सायकलचा पुढचा चिमटा डोंगरात मोडला. तो सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरच्या वर चालत खाली गावात आला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतः तो चिमटा जोडला. त्या वेळी एका पोराने भाता हलवला, तर ती बाहेरची मदत झाली म्हणून त्याला वेळेचा दंड बसला! ही गोष्ट ऐकून आमच्या मुलीचे डोळे चमकले. ती म्हणाली, “मग आपण पण करू की.”

आता ताईंनी हा टायर कसा दुरुस्त केला ते सांगतो. ज्यांच्या घरी असा टायर असेल त्यांनी ऐका. ज्यांच्या घरी नसेल त्यांनीही ऐका, कारण शिवणकामाचं ज्ञान कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

पहिलं काम, भोक शोधणं. टायरमध्ये हवा भरून तो बादलीत बुडवायचा. पण इथे फसगत होते. टायर कापडी असल्यामुळे भोक एकीकडे असतं आणि बुडबुडे दुसरीकडे, बऱ्याचदा व्हॉल्व्हपाशी येतात. म्हणून आधी काटा कुठे रुतलाय ते डोळ्यांनी बघायचं आणि तिथे शिलाईच्या खडूने खूण करायची.

दुसरं, त्या जागेवरची पोटाची पट्टी चार-पाच इंच हळूहळू सोलायची. पट्टी पूर्ण तोडायची नाही. टाके दिसले की त्यांच्यावर पेनाने दोन-तीन आडव्या रेघा मारायच्या. आपण बाही जोडताना खाचा जुळवतो ना, तसंच. या रेघा परत जुळल्या नाहीत तर टायर वाकडा बसतो आणि चाक फिरताना नागमोडी हलतं.

तिसरं, टाके उसवायचे. फक्त दोन-तीन इंच, जेवढी ट्यूब बाहेर काढता येईल तेवढेच. टोकदार कात्री आत घालायची नाही, ट्यूब अगदी पातळ असते. आतलं कापड बाजूला सारून ट्यूब हळूच ओढून घ्यायची, भोकाभोवती खरकागदाने हलकं घासायचं, सोल्युशन लावायचं, ते सुकू द्यायचं आणि मग पातळ पॅच. जाड पॅच लावला तर आत गोळा होतो. पॅच बसल्यावर वरून टाल्कम पावडर, म्हणजे ट्यूब कापडाला चिकटत नाही.

चौथं, आणि हे विसरू नका. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. काट्याचं टोक आत राहिलं असेल तर कापूस तिथे अडकतो. टोक न काढता शिवलं तर सगळी मेहनत वाया.

पाचवं, शिवणं. हे मशीनवर होत नाही, हातानेच करायचं. दोरा साधा नको, तुटतो. चपला शिवायचा मेण लावलेला मजबूत दोरा घ्यायचा. जुन्याच भोकांतून टाके घालायचे, आणि सुरुवात जुन्या टाक्यांच्या इंचभर आधीपासून करायची, म्हणजे शिवण सुटत नाही.

ताई एवढ्या हुशार, पण पहिल्या वेळी काय झालं माहीत आहे? शिवून झालं, पट्टी चिकटवली, हवा भरली, आणि परत ‘फुस्स’. सुई ट्यूबमधून गेली होती! ताई म्हणाल्या, “वीस वर्षं सुई चालवते, आणि आपल्याच हातानं पंक्चर केलं.” दुसऱ्या वेळी त्यांनी ट्यूब आणि शिवण यांच्यामध्ये लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी घातली. शिवता शिवता ती पुढे सरकवली आणि शेवटच्या टाक्याआधी बाहेर ओढली. तेव्हा जमलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिवण जमली म्हणजे काम झालं असं नाही. टायर रिमवर चिकटवणं हा जिवाचा प्रश्न आहे. या टायरला तारेचा आधार नाही, तो चिकटण्यावरच टिकून आहे. यासाठी खास ट्यूब्युलरचाच गोंद किंवा दुहेरी चिकटपट्टी मिळते, तीच वापरायची. घरातला कागदाचा किंवा लाकडाचा डिंक, पंक्चरचं सोल्युशन यातलं काही चालत नाही. रिम स्वच्छ पुसून गोंदाचा पातळ हात द्यायचा, रात्रभर ठेवायचं, दुसरा हात द्यायचा, परत सुकू द्यायचं. टायरच्या पट्टीलाही एक हात. बसवायच्या वेळी रिमवर शेवटचा पातळ हात, मग व्हॉल्व्ह भोकात घालून दोन्ही हातांनी टायर खाली ओढत ओढत चढवायचा. सरळ बसला का बघायचं, हवा भरायची आणि पूर्ण एक दिवस चाक तसंच ठेवायचं. नंतर हवा सोडून अंगठ्याने बाजूला ढकलून बघायचं. कुठेही उचललं जात असेल तर त्या सायकलवर बसायचं नाही. पहिल्यांदा हे काम जाणत्या माणसासमोर करा. आम्हीही तसंच केलं.

का एवढं सांगतोय? 2003 साली त्याच टूर द फ्रान्समध्ये होसेबा बेलोकी नावाचा स्पॅनिश स्पर्धक एकूण क्रमवारीत दुसरा होता. कडक उन्हाने रस्त्याचं डांबर वितळलं होतं. घाटाच्या उतारावर त्याचं मागचं चाक घसरलं, टायर रिमवरून निसटला आणि तो आपटला. मांडीचं हाड, कोपर आणि मनगट मोडलं. एवढ्या मोठ्या स्पर्धकाची ही गत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. अशी सायकल पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभी करू नका, उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि आतली हवाही फुगते. दिवे घाटासारख्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तरी रिम तापते. थोडा दाबायचा, थोडा सोडायचा.

वाटेत पंक्चर झालं तर? तिथे बसून शिवायचं नसतं. अंगठ्यांनी टायर सोलून काढायचा आणि बरोबर नेलेला जादा टायर चढवायचा. पण तो जादा टायर आधी एकदा गोंद लावलेला असला पाहिजे. कोरा टायर चढवून निघायचं नाही. तो चढवला, पूर्ण हवा भरली की सावकाश घरी यायचं. वळणावर वेग कमी, उतारावर वेग कमी. घरी येऊन नीट चिकटवायचा. आणखी एक उपाय आहे. ज्या व्हॉल्व्हचा आतला भाग काढता येतो, त्यातून पातळ सीलंट आत सोडता येतं. सराट्यासारखं बारीक भोक ते बुजवतं. मोठी चीर मात्र त्याने बुजत नाही.

आणि काटा लागू नये म्हणून? रस्त्याच्या अगदी कडेने चालवू नका. वाहनांच्या वाऱ्याने काटे, काचा, तारेचे तुकडे कडेलाच जमतात. ऊसतोडीच्या दिवसांत तर आपल्या रस्त्यांवर काय काय पडतं ते तुम्हाला माहीत आहे. वाहतूक बघून पांढऱ्या पट्टीच्या हातभर आतून चालवा. पालखी मार्ग आता रुंद झाला आहे, पण वाहनंही वेगात असतात, तेव्हा मागे लाल दिवा आणि अंगात उठून दिसणारा रंग पाहिजेच. घरी आल्यावर चाक फिरवून टायर बघा. काटा रुतलेला असेल तर तो आत जाण्याआधीच काढता येतो. वेड्या बाभळीचा काटा सुरुवातीला नुसता टोचून बसतो, दोन-चार दिवसांनी ट्यूबपर्यंत पोचतो.

तर मैत्रिणींनो, टायर दुरुस्त झाला. पण रोज असं शिवत बसणार का? आपल्या रस्त्यांवर महिन्यातून दोन-तीन काटे ठरलेले. पुढच्या बैठकीत ताई टायर घेऊनच आल्या. मध्ये सतरंजीवर ठेवला. ज्या काकू ‘पाण्यात गेला’ म्हणाल्या होत्या त्यांनीच सगळ्यात आधी उचलला, टाके बोटाने चाचपले आणि म्हणाल्या, “हात बसलाय गं तुझा.” मग सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला.

एका बाजूला रोजच्या सरावाला ट्यूब्युलर. गोंद, सीलंट, टायर, ताईंचा वेळ. ताई एक टायर दुरुस्त करायला अर्धा दिवस घालवतात, तेवढ्यात दोन ब्लाउज होतात. दुसऱ्या बाजूला साध्या तारेच्या टायरची जुनी चाकं. ती साडेसहा हजारांना मिळत होती, टायर-ट्यूबसकट. त्याचं पंक्चर पोरगी स्वतः काढेल, नाहीतर गावातले काका काढतील. ब्रेक तेच चालतात का आणि मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या आपल्या साखळीला जुळतात का, एवढं बघावं लागतं. ते या वेळी आम्ही विचारून घेतलं.

गटाने चार हजारांचं छोटं कर्ज दिलं, चार महिन्यांत फेडायच्या बोलीवर. बाकीचे ताईंनी लग्नसराईच्या शिलाईतून घातले. आता रोज सरावाला साधी चाकं. शर्यतीच्या दिवशी ट्यूब्युलर. आणि ताईंनी शिवलेला टायर जादा म्हणून सीटखाली घडी करून बांधलेला.

निकाल काय, असं तुम्ही विचाराल. जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिची निवड झाली नाही. पहिल्या काहींत ती आली नाही. पण त्या चाचणीच्या आधी एका सकाळी सणसर आणि बेलवाडीच्या मध्ये तिचं चाक परत बसलं. फोन केला नाही, टेम्पो थांबवला नाही. टायर सोलला, आईने शिवलेला चढवला, हवा भरली आणि घरी आली. आईला कळलं ते अंगणात काळे हात धुताना बघून. त्या दिवशी ताई आम्हाला म्हणाल्या, “निवड होऊ दे, न होऊ दे. आता पोरगी रस्त्यात रडत बसणार नाही.” यंदा ती पुन्हा चाचणी देणार आहे. आणि वीसपैकी सतरा हप्ते वेळेवर भरून झाले आहेत. चार हजारांचं कर्ज तर केव्हाच फिटलं.

आता हे सगळं आम्ही रेडिओवर का सांगतो? कारण चूक सायकलची नव्हती, पोरीची नव्हती, विकणाऱ्याचीही नव्हती. आपण कर्ज देताना विचारतो की हप्ता कसा भरणार, जामीन कोण. पण ही वस्तू बिघडली तर कोण दुरुस्त करणार, कुठे, कितीत, हे विचारत नाही. सायकल असो, पिठाची गिरणी असो, शेवया करायचं मशीन असो, कडबाकुट्टी असो. घेतली त्या दिवशी सगळं चांगलंच चालतं. हप्ता थकतो तो ती बंद पडली त्या महिन्यापासून.

म्हणून आमच्या गटांच्या कर्ज अर्जात आम्ही एक रकाना वाढवला आहे. त्यात तीन प्रश्न आहेत. ही वस्तू बिघडली तर आपल्या गावात किंवा तालुक्यात दुरुस्त होते का? तिचा झिजणारा भाग कोणता आणि त्याची किंमत किती? आणि घरातलं कोण ती दुरुस्त करायला शिकणार? तिसऱ्या प्रश्नापुढे नाव लिहायचं, आणि शक्यतो बाईचं किंवा मुलीचं लिहायचं. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा रकाना तुम्हीही मांडून बघा. वहीत पट्टीने एक रेघच तर मारायची आहे.

आणि कुणी मुलीसाठी जुनी शर्यतीची सायकल घेत असेल तर व्हॉल्व्हपाशी टायर बोटांनी दाबून बाजूला ढकला. खाली तारेची कडा दिसली तर साधा टायर. कडा नसेल आणि कापडी पट्टी चिकटवलेली दिसली तर ट्यूब्युलर. घ्यायचाच नाही असं नाही. पण घेताना काय घेतोय ते माहीत असू द्या, आणि फोनवर शब्द नीट ऐकू आला नाही तर पुन्हा विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो, म्हणून सांगतो.

ताईंना विचारलं, रेडिओवर तुमच्याबद्दल सांगू का? म्हणाल्या, “नाव नका सांगू. पण पुठ्ठा मधे घालायचं तेवढं सांगा, विसरू नका.” तर मैत्रिणींनो, पुठ्ठा मधे घालायचा.

नमस्कार.